सराव संपल्यानंतरची दहा मिनिटे

वाचकाचे पत्र (संक्षिप्त): मी गेली दोन वर्षे आमच्या भागातल्या एका लहानशा क्लबमध्ये १४ ते १७ वयोगटातल्या मुलामुलींना फुटबॉल शिकवतो. नोकरी सांभाळून, कोणताही मोबदला न घेता हे काम करतो. संघात २२ जण आहेत आणि त्यांतले ९ जण गेल्या काही वर्षांत दुसऱ्या देशांतून इथे आलेल्या कुटुंबांतले आहेत. खेळामुळे मुले आपोआप एकमेकांत मिसळतात, असे सगळेच सांगत होते. मैदानावर भांडणे नाहीत हे खरे; पण बाजू पाडायला सांगितल्या की इथली मुले एका बाजूला आणि बाहेरून आलेली दुसऱ्या बाजूला जातात, पाससुद्धा आपापल्यांतच देतात आणि सराव संपला की दोन घोळके दोन दिशांना निघून जातात. आमची उत्तम बचावपटू असलेली एक मुलगी दोन महिने आलेली नाही. नुकत्याच आलेल्या एका मुलाची नोंदणी कागदपत्रांत अडकली आहे. संघातला सर्वांत चांगला खेळाडू बाहेरून आलेला आहे. आम्ही जिंकतो तेव्हा सगळे त्याला डोक्यावर घेतात, पण गेल्या महिन्यात त्याची पेनल्टी हुकली तेव्हा प्रेक्षकांतून कुणीतरी ‘परत जा’ असे ओरडले. मी ऐकून न ऐकल्यासारखे केले आणि खेळ पुढे चालू राहिला. आता समितीतले काही जण या मुलांचा वेगळा संघ करा म्हणतात, तर काही जण मैदानावर एकच भाषा सक्तीची करा म्हणतात. खेळाने माणसे खरोखर जवळ येतात का, की मी दोन वर्षे स्वतःची समजूत घालत आलो आहे?

उत्तर:

तुमचे पत्र मी दोनदा वाचले, कारण जे तुम्ही पाहिले आहे ते पाहणारी माणसे थोडी आणि ते कबूल करणारी त्याहून थोडी असतात. बहुतेक क्लबांत एकत्र काढलेले छायाचित्र भिंतीवर लागले की काम झाले असे मानले जाते. तुम्ही मात्र छायाचित्र काढून झाल्यावर कोण कुणाबरोबर घरी गेले याकडे लक्ष दिलेत.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. खेळाने माणसे जवळ येतात, पण आपोआप येत नाहीत. आणि जवळ येतात की दूर जातात हे खेळापेक्षा खेळाची मांडणी कशी केली आहे यावर अधिक ठरते. ती मांडणी तुमच्या हातात आहे, म्हणून दोन वर्षे फुकट गेली असे मी म्हणणार नाही. इतकेच म्हणेन की मुलांना एका जागी आणण्याचे पहिले काम झाले आहे आणि दुसरे काम अजून सुरू झालेले नाही.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ साली मांडले होते की वेगवेगळ्या गटांतली माणसे नुसती एकमेकांसमोर आल्याने पूर्वग्रह कमी होत नाहीत. त्यासाठी दोन्ही गटांचा दर्जा त्या ठिकाणी समान असावा लागतो, उद्दिष्ट एक असावे लागते, ते गाठण्यासाठी एकमेकांची गरज पडावी लागते आणि ज्यांच्या शब्दाला वजन आहे अशा लोकांचा या मिसळण्याला उघड पाठिंबा असावा लागतो. सांघिक खेळात या चारही गोष्टी आपसूक असतात असे वरवर वाटते, म्हणूनच खेळाबद्दल इतक्या मोठ्या अपेक्षा बाळगल्या जातात. आता या चार अटी तुमच्या संघाला लावून पाहा. कर्णधार कोण आहे, उपकर्णधार कोण आहे, समितीत कोण बसते, सामन्याची वेळ कोण ठरवते, आणि राखीव खेळाडूंच्या बाकावर बहुतेक वेळ कोण असते? या प्रश्नांची उत्तरे एकाच गटाकडे बोट दाखवत असतील, तर मैदानावर उद्दिष्ट एक असले तरी दर्जा समान नाही, आणि हे मुलांना तुमच्या-माझ्यापेक्षा आधी कळलेले असते. ‘परत जा’ ही हाक ऐकून खेळ पुढे चालू राहिला, तेव्हा चौथी अटही मोडली. हा दोष मी तुमच्यावर ठेवण्यासाठी लिहीत नाही. तुम्ही तो स्वतःहून सांगितला आहे आणि त्याबद्दल पुढे बोलू.

अलीकडच्या काळात दोन प्रयोग असे झाले आहेत, की तुमच्या मैदानाकडे पाहताना मला ते पुन्हा पुन्हा आठवत होते. पहिला उत्तर इराकमधला आहे. आयसिसच्या हल्ल्यांमुळे घरे सोडावी लागलेल्या ख्रिश्चन तरुणांच्या फुटबॉल स्पर्धा संशोधक सल्मा मूसा यांनी भरवल्या. काही संघांत ज्यादा खेळाडू म्हणून मुस्लिम तरुण घेतले, तर काहींत ख्रिश्चनच, आणि कुणाला कोणता संघ मिळेल हे सोडतीसारखे ठरवले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, मिश्र संघांत खेळलेले तरुण पुढच्या हंगामातही मिश्र संघात नाव नोंदवण्याची शक्यता अधिक होती. खिलाडूवृत्तीच्या पुरस्कारासाठी दुसऱ्या संघातल्या मुस्लिम खेळाडूला मत देण्याची शक्यता अधिक होती. आणि सहा महिन्यांनंतरही ते मुस्लिम खेळाडूंबरोबर सराव करताना दिसत होते. मात्र मैदानाबाहेरच्या अनोळखी मुस्लिमांशी असलेल्या वागण्यात, म्हणजे मिश्र समारंभाला जाणे किंवा मुस्लिमबहुल शहरातल्या उपाहारगृहात जाणे अशा गोष्टींत, बदल फारच थोडा होता. म्हणजे जे मैदानावर घडले ते बरेचसे मैदानावरच राहिले. तुम्हाला दिसणारे दोन घोळके हे तुमचे एकट्याचे अपयश नाही. ती या कामाची ठाऊक असलेली मर्यादा आहे आणि ती ओलांडण्यासाठी निराळे, जाणूनबुजून केलेले काम लागते.

दुसरा प्रयोग तुमच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. अर्थशास्त्रज्ञ मॅट लो यांनी उत्तर भारतात वेगवेगळ्या जातींतल्या तरुणांची क्रिकेट स्पर्धा घेतली आणि तिचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध केले. त्यांनी नुसते ‘एकत्र खेळणे’ मोजले नाही. एकाच संघातून खेळणे आणि एकमेकांविरुद्ध खेळणे या दोन गोष्टी वेगळ्या काढल्या. दुसऱ्या जातीचे खेळाडू आपल्याच संघात असले की त्या जातींतल्या मित्रांची संख्या वाढली आणि आपल्याच जातीला झुकते माप देणे कमी झाले. दुसऱ्या जातीचे खेळाडू समोरच्या संघात असले की परिणाम बहुतांशी उलटा झाला. मैदान तेच, खेळ तोच, स्पर्धा तीच होती. फरक इतकाच की कोण कुणाच्या बाजूने खेळले.

आता तुमच्या पत्रातले ते एक वाक्य पुन्हा पाहा, की बाजू पाडायला सांगितल्या की इथली मुले एका बाजूला आणि बाहेरून आलेली दुसऱ्या बाजूला जातात. मुलांना स्वातंत्र्य द्यावे, ती रमतील तशी खेळू द्यावीत, हा तुमचा हेतू चांगला आहे यात मला शंका नाही. परंतु त्याचा अर्थ असा होतो की प्रत्येक सरावाला ही मुले ‘आम्ही विरुद्ध ते’ असा सामना खेळत आहेत, आणि दोन वर्षांत असे सामने किती झाले असतील याचा तुम्हीच हिशोब करा. जी गोष्ट घडू नये म्हणून तुम्ही मैदानावर येता, तीच गोष्ट सरावाच्या सर्वांत आनंदाच्या अर्ध्या तासात पक्की होत गेली आहे. म्हणून पहिला बदल इथेच करा आणि पुढच्याच सरावापासून करा. बाजू तुम्ही पाडा, यादी घरून लिहून आणा आणि तीन-चार आठवडे त्या बदलू नका. दर वेळी नव्या बाजू पाडल्या तर सगळ्यांची सगळ्यांशी तोंडओळख होते, पण एकमेकांची सवय होत नाही; आणि पासाला सवय लागते. डाव्या बाजूने धावणारी मुलगी कोणत्या क्षणी वळते हे मधल्या फळीतल्या मुलाला कळायला काही आठवडे जावे लागतात, आणि एकदा कळले की तो चेंडू देताना तिचे कूळ-मूळ पाहत नाही.

पास आपापल्यांत जातात, यावर रागावून उपयोग नाही. ज्याच्यावर भरवसा असतो आणि ज्याची हाक कानाला ओळखीची असते त्याच्याकडे चेंडू जातो. सरावात छोट्या मिश्र गटांना असे प्रकार द्या, की चेंडूला प्रत्येकाचा पाय लागल्याशिवाय गोल मोजलाच जाणार नाही. चार-पाच जणांच्या गटात कुणाला लपायला जागा नसते आणि कुणाला विसरताही येत नाही.

भाषेच्या सक्तीबद्दल माझे मत स्पष्ट आहे: ती करू नका. एका बाजूला खेळाने मुलांना आपलेसे वाटावे असे म्हणायचे आणि दुसऱ्या बाजूला ज्या भाषेत त्यांना राग, आनंद आणि भीती सुचते ती दारातच ठेवून यायला सांगायचे, हे एकत्र नांदत नाही. मात्र समितीच्या म्हणण्यात तथ्याचा एक कण आहे. धावत्या खेळात सर्वांना कळेल अशी हाक नसेल तर संघ खेळूच शकत नाही. म्हणून मुलांना बरोबर घेऊन पंधरा-वीस हाकांचा एक सामाईक कोश करा: मागे माणूस आहे, सोड, वळ, वेळ आहे, मला दे. यातल्या दोन-चार हाका बाहेरून आलेल्या मुलांच्या भाषांतून घ्या. इथल्या मुलांना त्या हाका पाठ झाल्या, की शिकण्याचे ओझे एकाच बाजूवर पडलेले नाही हे सगळ्यांना न सांगता कळेल. बाकी समजावून सांगणे, थट्टा, कुरकुर ज्याला ज्या भाषेत हवी त्या भाषेत चालू द्या. आणखी एक गोष्ट, जी सहज निसटते: ज्या मुलाला दोन्ही भाषा चांगल्या येतात त्याला कायमचा दुभाषा करू नका. दुसऱ्यांचे निरोप पोहोचवता पोहोचवता त्याचे स्वतःचे खेळणे मागे पडते. नावांचेही तसेच. उच्चार अवघड जातो म्हणून एखाद्याचे नाव कापून सोपे केले असेल, तर त्याला पूर्ण नाव विचारून घ्या आणि ते नीट येईपर्यंत म्हणून पाहा.

वेगळ्या संघाच्या सूचनेकडे मी थोडे थांबून पाहते, कारण ती नेहमीच दुष्टाव्यातून येत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर ऑस्ट्रेलियात गेलेल्या ग्रीक, इटालियन, क्रोएशियन आणि इतर स्थलांतरितांनी आपापले फुटबॉल क्लब उभे केले. मेलबर्नमधला साउथ मेलबर्न हा क्लब १९५९ साली ग्रीक समाजातून उभा राहिला आणि पुढे देशातल्या बलाढ्य क्लबांपैकी एक झाला. नव्याने आलेल्या माणसाला तिथे नुसता चेंडू मिळत नसे. कामाची माहिती, राहण्याच्या जागेची माहिती आणि आपल्या भाषेत बोलणारी माणसे मिळत. पुढे १९९०च्या दशकात त्या देशाच्या फुटबॉल संघटनेने क्लबांनी वांशिक नावे आणि चिन्हे टाकून द्यावीत असा आग्रह धरला आणि त्याने अनेकांची मने दुखावली. अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट पुटनम यांनी २००० साली सामाजिक नात्यांचा एक भेद सर्वांपर्यंत पोहोचवला: आपल्या माणसांना घट्ट धरणारी नाती वेगळी आणि अनोळखी माणसांपर्यंत पूल टाकणारी नाती वेगळी. माणसाला दोन्ही लागतात. परक्या जागी आलेल्या मुलाला तर पहिल्या प्रकारची नाती आधी लागतात, कारण पाठीशी कुणी असल्याशिवाय पूल ओलांडण्याचे धैर्य येत नाही.

पण माणसांनी स्वतः निवडलेला संघ आणि समितीने पाडलेला वेगळा संघ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तुमच्याकडे आज एक संघ आहे. तो मोडून ९ जणांना बाजूला काढले, तर शब्द कितीही गोड वापरले तरी मुले त्याचा अर्थ ‘तुम्ही आमच्यात नाही’ असाच घेतील, आणि वर सांगितलेल्या क्रिकेटच्या प्रयोगाचा धडा असा की पुढे हे दोन संघ एकमेकांसमोर उभे राहिले तर दुरावा वाढेल. समितीला माझ्या वतीने हे सांगा. मात्र या मुलांना सुटीच्या दिवशी आपल्या भाषेतल्या मित्रांबरोबर दुसरीकडे कुठे खेळायचे असेल, तर त्यात फितुरी पाहू नका.

आता त्या मुलीबद्दल. तुम्ही पत्रात तिच्या न येण्याचे कारण लिहिलेले नाही, याचा अर्थ ते तुम्हाला ठाऊक नाही असे मी धरते. अशा वेळी मनात पहिला विचार येतो तो ‘तिच्या घरच्यांना आवडत नसेल’ असा, आणि तो विचार तपासल्याशिवाय खरा मानण्याची घाई आपण करतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी २०१६ सालच्या माहितीवरून काढलेला अंदाज असा होता की जगभरातल्या ११ ते १७ वयाच्या मुलींपैकी सुमारे ८५ टक्के मुलींना आवश्यक तेवढी शारीरिक हालचाल मिळत नाही. मुलग्यांमध्ये हे प्रमाण सुमारे ७८ टक्के होते. म्हणजे या वयात मुली खेळापासून दूर राहणे हे कोणत्याही एका समाजाचे वैशिष्ट्य नाही. कारण अगदी साधे असू शकते: सराव संपतो तेव्हा अंधार पडलेला असतो, धाकट्या भावंडाला सांभाळायचे असते, कपडे बदलायला आडोसा नसतो, वर्गणी थकली आहे आणि ते सांगण्याची लाज वाटते. डोके झाकण्याचा प्रश्न असेल तर फुटबॉलच्या नियमांनी त्याला २०१४ सालीच परवानगी दिली आहे, तेव्हा ती अडचण क्लबमध्येच सुटायला हवी.

तुम्ही क्लबमधल्या एखाद्या महिला सहकाऱ्याला बरोबर घेऊन तिच्या घरी जा. ‘ती का येत नाही’ असे विचारू नका, त्यात हजेरी मागितल्याचा सूर येतो. तिची जागा संघात रिकामी आहे आणि तिला येता यावे म्हणून क्लबने काय बदलायला हवे, असे आईवडिलांना आणि तिलाही विचारा. तिची मुक्तता करायला गेल्यासारखे जाऊ नका. तुम्ही प्रशिक्षक आहात आणि तुम्हाला तुमचा बचावपटू परत हवा आहे, इतके प्रामाणिक कारण पुरेसे आहे. कदाचित ती म्हणेल की मला आता खेळायचे नाही. तेही ऐकून घ्या.

नोंदणी अडकलेल्या मुलाबद्दल थोडक्यात. जागतिक फुटबॉल महासंघ, म्हणजे फिफाच्या नियमांनुसार १८ वर्षांखालील खेळाडूची एका देशातून दुसऱ्या देशात बदली सर्वसाधारणपणे निषिद्ध आहे, आणि त्या देशाचा नागरिक नसलेल्या, आधी कुठेही नोंद न झालेल्या मुलाच्या पहिल्या नोंदणीलाही तोच नियम लागतो. दलालांनी कोवळ्या मुलांना आमिष दाखवून परदेशी नेऊ नये यासाठी हा नियम आहे आणि तो आवश्यक आहे. त्याला अपवाद आहेत: आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने स्थलांतरित झाले असतील, किंवा मुलाला जिवाच्या वा स्वातंत्र्याच्या भीतीने देश सोडावा लागला असेल, तर नोंदणी होऊ शकते. पण ते कागदांनी दाखवून द्यावे लागते, आणि घाईने घर सोडलेल्या कुटुंबाकडे नेमके कागदच नसतात. तुमच्या संघटनेच्या नोंदणी विभागाशी हंगाम सुरू होण्याच्या बरेच आधी बोला, अर्ज क्लबने भरा, आणि दरम्यान त्याला प्रत्येक सरावाला बोलवा. अडचण कागदाची आहे, त्याच्याबद्दल कुणाला शंका आहे म्हणून नाही, हे त्याला स्वच्छ शब्दांत सांगा.

कागदाच्या बाबतीत खेळाची मर्यादाही तुम्हाला ठाऊक असावी. मुष्टियोद्धा सिंडी एन्गांबा कॅमेरूनमधून लहानपणी इंग्लंडला आली. तिने तिथली राष्ट्रीय अजिंक्यपदे तीन वेगवेगळ्या वजनगटांत मिळवली, तरी पासपोर्ट नसल्यामुळे तिला ब्रिटनकडून खेळता आले नाही. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ती निर्वासितांच्या संघातून उतरली आणि त्या संघाला कांस्यपदकाच्या रूपाने पहिलेवहिले पदक मिळाले. तिच्या क्लबने तिला केव्हाच आपली मानले होते, कायद्याचे चाक मात्र आपल्या गतीने फिरत होते. तुमच्या मुलांचे राहण्याचे परवाने, घरे, शाळेतले प्रवेश हे प्रश्न तुमच्या शिट्टीने सुटणार नाहीत. ते सोडवता येत नाहीत म्हणून तुमचे काम लहान होत नाही. पण ते सोडवण्याची जबाबदारी स्वतःवर घेऊन थकून जाऊ नका.

आता तो मुलगा, ज्याची पेनल्टी हुकली. तुर्की वंशाच्या कुटुंबात जर्मनीत जन्मलेला आणि २०१४ साली जर्मनीबरोबर विश्वचषक जिंकलेला फुटबॉलपटू मेसुत ओझिल याने २०१८ साली राष्ट्रीय संघ सोडताना जे लिहिले त्याचा आशय असा होता, की आपल्या संघटनेच्या प्रमुखांच्या आणि त्यांच्या पाठीराख्यांच्या नजरेत आपण जिंकलो की जर्मन असतो आणि हरलो की स्थलांतरित. विश्वविजेत्याला जे जाणवले ते तुमच्या पंधरा-सोळा वर्षांच्या खेळाडूला त्या दिवशी जाणवले नसेल असे होणार नाही. आणि ही जाणीव केवळ शिवीतून होत नाही, कौतुकातूनही होते. गोल केल्यावरच ज्याला उचलून घेतले जाते, त्याला आपण इथे गोलांच्या भाड्यावर राहतो असे वाटू लागते. म्हणून त्याचे कौतुक करताना गोल मोजू नका. धाकट्या खेळाडूला त्याने काय शिकवले, चुकीच्या निर्णयानंतर तो कसा वागला, हे सगळ्यांसमोर सांगा, आणि तो वाईट खेळला त्या दिवशी त्याला मुद्दाम नावाने हाक मारून निरोप द्या.

त्या ओरडण्याबद्दल एक महिना उलटला तरी बोलायला उशीर झालेला नाही. आधी त्याच्याशी एकट्याने बोला. ‘मी ऐकले होते, मी गप्प राहायला नको होते, आणि पुन्हा असे झाले तर बोलण्याचे काम माझे असेल, तुझे नाही.’ एवढेच सांगा आणि त्याच्याकडून क्षमेची अपेक्षा ठेवू नका. मग संपूर्ण संघाला आणि पालकांना क्लबचा नियम कळवा. मोठ्या स्पर्धांमध्ये वंशद्वेषी वर्तनासाठी तीन पायऱ्यांची पद्धत आहे: आधी सामना थांबवून सूचना द्यायची, तरीही चालू राहिले तर सामना काही काळ तहकूब करायचा, आणि त्यानंतरही थांबले नाही तर सामना सोडून द्यायचा. लहान क्लबलाही ही पद्धत जशीच्या तशी वापरता येते. पंचाशी सामन्याआधी दोन मिनिटे बोलून ठेवावे लागते इतकेच. गुण गेले तर जाऊ द्या. मुले त्या दिवशी कोणता सामना सोडला हे अनेक वर्षे विसरणार नाहीत.

राहिला तो प्रश्न, जिथून तुमची काळजी सुरू झाली: सराव संपल्यावर निघून जाणारे दोन घोळके. खरे पाहता मुले मित्र होतात ती चेंडू पायात असताना नाही, कारण तेव्हा बोलायला श्वास नसतो. ती मित्र होतात बुटांचे बंद सोडताना, पाण्याची बाटली शोधताना, बसची वाट पाहताना, उशीर झाल्याबद्दल घरी काय सांगायचे याची मसलत करताना. हा वेळ आज तुमच्या संघात मोकळा पडलेला आहे, म्हणून तो जुन्या ओळखींनी भरून जातो. त्याला थोडे काम द्या. जाळी उतरवणे, खुणांचे शंकू मोजून पिशवीत भरणे, चेंडूंत हवा भरणे, बाहेरगावच्या सामन्याला कोणी कोणत्या गाडीतून जायचे हे ठरवणे, ही कामे मिश्र जोड्यांना महिनाभरासाठी वाटून द्या. मैत्री करा असे सांगितलेली मुले बुजतात. जाळी गुंडाळा असे सांगितलेली मुले जाळी गुंडाळता गुंडाळता बोलू लागतात. काही जोड्या जमणार नाहीत, आणि त्यात बिघडत नाही. इथली दोन मुलेही एकमेकांशी जमवून घेत नसतात.

हेच मोठ्यांच्या बाबतीतही करा. बाहेरून आलेल्या पालकांना आपण कार्यक्रमाला बोलावतो, आभार मानतो आणि घरी पाठवतो. पाहुण्यासारखे वागवलेला माणूस पाहुणाच राहतो. त्यांच्यातल्या एकाला गुणलेखन द्या, एखादीला प्रथमोपचाराची पेटी सांभाळायला द्या, आणि पुढच्या निवडीच्या वेळी एकाला समितीत घ्या, जिथे सरावाची वेळ आणि वर्गणी ठरते. सतरा वर्षांच्या मुलांना धाकट्यांच्या गटाला शिकवू द्या, पंचगिरी शिकू द्या. त्या वयात अभ्यास, नोकरी आणि घरची ओढाताण यांमुळे अनेक जण खेळणे सोडतात. खेळाडू म्हणून सुटले तरी क्लबमधून सुटू नयेत.

बदल दिसायला वेळ लागेल. घोळके कदाचित दोनच राहतील, फक्त त्यांच्यातली माणसे इकडची तिकडे होऊ लागतील. कोण गैरहजर आहे हे तुमच्या आधी कुणाच्या लक्षात येते, दुखापत झालेल्याला कोणाचा फोन जातो, मुले एकमेकांची नावे नीट उच्चारतात का, या गोष्टींकडे डोळे ठेवा. आणि स्वतःच्या शब्दांकडेही. तिसऱ्या वर्षीही तुम्ही त्या ९ जणांना ‘नवीन मुले’ म्हणत असाल, तर ती जुनी कधी होणार, हे एकदा ठरवून टाका.

पुढच्या सरावाला जाताना बाजूंची यादी विसरू नका. जाळीची पहिली जोडी कोणती लावायची असा प्रश्न पडला, तर पेनल्टी हुकलेला मुलगा आणि तुमचा गोलरक्षक ही दोन नावे लिहा. हातून सुटलेल्या चेंडूचे दुःख काय असते हे गोलरक्षकाला दुसऱ्या कुणी समजावून सांगावे लागत नाही.